सर्व हक्क स्वाधीन

[सदाशिव पेठ. ग्रंथालयाचं लाकडी कपाट उघडतं. पुस्तक टेबलावर.]

स्कॅनिंगआधी पाहायचं ते शीर्षकपानामागचं पान. ‘सर्व हक्क स्वाधीन’. खाली शके १८६५. ७८ मिळवले की इसवी सन १९४३. छपाई जानेवारी ते मार्चमधली असेल तर ७९ मिळवायचे.

पण या सालावरून हक्क कधी संपतो ते कळत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मोजतात ते लेखक गेल्याचं साल. पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले. त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ला खुलं झालं. आचार्य अत्रे १९६९मध्ये गेले. त्यांची पुस्तकं खुली व्हायला २०३० उजाडेल. पुस्तक दुकानात मिळेनासं झालं, म्हणजे हक्क संपला असं नाही.

[मुखपृष्ठ, जवळून.]

चित्राचा हिशेब निराळा. दीनानाथ दलाल १९७१मध्ये गेले. आतला मजकूर खुला असला, तरी त्यांचं मुखपृष्ठ २०३२ लागेपर्यंत परवानगीशिवाय नेटवर टाकायचं नाही. प्रस्तावना आणि अनुवाद यांचंही तसंच.

[काचेखाली पान. बोट अनुस्वारावर.]

पुस्तक सपाट दाबलं की पाठ उकलते, म्हणून ते व्ही आकाराच्या पाळण्यात ठेवतात. स्कॅन इंचाला ३०० ठिपक्यांचा (डीपीआय) किमान, बारीक टाइपाला ६००. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या या छपाईत न उच्चारले जाणारे अनुस्वार जागोजागी आहेत. डाग काढणारा फिल्टर लावला की तेही डाग समजून पुसले जातात. म्हणून मूळ रंगीत फाइल आधी जपायची.

हक्क शिल्लक असला, तरी ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या छापील पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते. सर्वांसाठी नेटवर टाकायची तर वारसांचं पत्र हवं. त्यात पुस्तकाचं नाव, आवृत्ती, ‘इंटरनेटवर विनामूल्य’ हे शब्द आणि मुदत लिहून घ्या. मुदत लिहिली नाही, तर कायदा ५ वर्षंच धरतो.

जाणूनबुजून हक्कभंग केला, तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

[नोंदवही. रिकामा रकाना.]

वारस सापडलेच नाहीत, तर वाणिज्यिक न्यायालयाकडे परवाना मागता येतो. त्याआधी जाहीर सूचना द्यायची, तीही इंग्रजी दैनिकात. मराठी पुस्तकाचे वारस शोधायचे, तर ती मराठी दैनिकातही दिलेली बरी.

या नोंदवहीत आता नवा रकाना आखला आहे: लेखकाचं मृत्युवर्ष. या पानावरच्या ११ नावांपुढे तो अजून भरायचा आहे.