तारल्यांना कळतच नाही

नमस्कार श्रोतेहो. सेलफिश, म्हणजे पाठीवर शिडासारखा उंच पर असलेला समुद्रातला मासा, म्हटलं की सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्याच्या वेगाचा एकच आकडा असतो: ताशी 110 किलोमीटर. फ्लोरिडात लाँग की नावाच्या बेटावर मासेमारीचा तळ होता, तिथला हा हिशोब. गळाला लागलेल्या माशानं 3 सेकंदांत 91 मीटर दोरी ओढली, म्हणून 110. पण दोऱ्याचं रीळ एकदा हिसडा देऊन सोडून बघा. हात थांबला तरी ते फिरतच राहतं! म्हणजे सुटलेली सगळी दोरी माशानंच ओढली, असं म्हणता येत नाही. मुलांकडून आकडे पाठ करून घेण्याआधी ‘हे कुणी मोजलं, कसं मोजलं?’ असं विचारायला त्यांना शिकवावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. त्याला परीक्षेत गुण नसले तरी चालेल. 2016 साली संशोधकांनी या माशाच्या स्नायूंच्या आकुंचनाचा वेग मोजला. त्यावरून पोहण्याच्या वेगाचा निष्कर्ष निघाला सेकंदाला 8 ते 10 मीटर, म्हणजे फार तर ताशी 36 किलोमीटर. 110 नव्हे, 36.

आता मला जे सांगायचंय ते सांगते. मेक्सिकोत कानकूनसमोरच्या समुद्रात सेलफिश तारल्यांची, म्हणजे थव्यानं राहणाऱ्या छोट्या माशांची, शिकार करतात. संशोधक कॅमेरे घेऊन थेट पाण्यात उतरले. मध्ये तारल्यांचा दाट गोळा, भोवती सेलफिशची टोळी. एवढे भुकेले मासे, पण सगळे एकदम तुटून पडत नाहीत. पाळीपाळीनं येतात. एक जण पुढे सरकतो. एरवी पाठीच्या खाचेत मिटून ठेवलेलं शीड, म्हणजे तो उंच पर, तो उभं करतो, त्यामुळे अंग इकडेतिकडे झोकांड्या खात नाही. मग ती लांब, निमुळती चोच थव्यात घालतो. अलगद. आणि तारल्या हलत नाहीत! पुन्हा सांगते, चोच थव्याच्या आत आहे, आणि एकही तारली दचकत नाही. इतकी बारीक चोच त्यांच्या ध्यानातच येत नसावी.

पुढच्याच क्षणी चोचीचा आडवा फटका बसतो. कधी फटका नसतोच, एकाच तारलीला नुसती टिचकी. चोचीवर बारीक दातांची खरखर असते, तिनं खवले सुटतात आणि चमचमत खाली जातात. चार हल्ल्यांत जेमतेम एकदा घास मिळतो. पण जवळजवळ प्रत्येक हल्ल्यात काही तारल्या जायबंदी होतात, मंदावतात, आणि त्या पुढच्या पाळीवाल्याला सोप्या जातात. एकाच्या फटक्याचा फायदा सगळ्या टोळीला.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी. आपल्यात कुणी डावखुरा, कुणी उजवा असतो ना, तसेच सेलफिशही असतात. कुणी बहुतेक वेळा डावीकडे फटका मारतो, कुणी उजवीकडे. एकटाच असता तर तारल्यांनी त्याची खोड हेरली असती. टोळीत दोन्ही तऱ्हेचे असतात, त्यामुळे आताची पाळी डावखुऱ्याची की उजव्याची, हे तारल्यांना कळायला मार्गच नाही.