रक्षाविसर्जनानंतर

बेळगावात सकाळी पेपर हातात पडला की वयस्कर माणसं आधी निधनवार्ता बघतात. मजकूर ठरलेला असतो. नाव, वय, गल्ली, पश्चात दोन मुलगे, विवाहित मुलगी, नातवंडं असा परिवार. शेवटची ओळ : रक्षाविसर्जन शुक्रवारी सकाळी ८ वाजता. बातमी तिथं संपते. आपण तिथून पुढं बघणार आहोत.

(दृश्य : येळ्ळूर. लांबवर राजहंसगड. स्वयंपाकघरात एकटे आजोबा.)

आजी जाऊन तीन महिने झाले. आप्पांनी पन्नास वर्षं भात पिकवला. कुठल्या वाफ्यात किती पाणी ठेवायचं, हे त्यांना बांधावरूनच कळतं. चहापूड कुठल्या डब्यात आहे, हे मात्र माहीत नव्हतं. सगळे डबे स्टीलचे, एकसारखे. शेवटी शेजारच्या काकूंनी प्रत्येकावर कागद चिकटवले : साखर, मीठ, चहापूड, तूरडाळ.

"त्याआधी एकदा साखरेच्या जागी मीठ पडलं," आप्पा सांगतात. "तसाच प्यालो चहा. सांगायचं कुणाला?"

तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. शेजारच्या चार घरांतून भाकरी-आमटी यायची. मग मंडपवाल्यानं खुर्च्या नेल्या. पुण्याचा मुलगा म्हणाला, "आप्पा, चला माझ्याबरोबर." आप्पा म्हणाले, "म्हशीचं काय?"

म्हातारी गेली आणि पाठोपाठ म्हाताराही गेला, असं प्रत्येक गावात एखादं तरी घर असतं. १९६९ साली ब्रिटनमध्ये ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बायको गेल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू एरवीपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त निघाले, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. आपल्याकडं म्हणतात, जोडीनं गेली, भाग्याची! मला हे कौतुक खटकतं. मागं राहिलेला जेवत होता की नाही, हे कुणी पाहिलेलं असतं का?

(दृश्य : वडगाव. बोळातून येणारा मागांचा खडखडाट.)

बायकांचं वेगळं. चूल त्यांच्या हातात असते, त्यामुळं दिवस रेटता येतो. इथल्या एका मावशींचा नवरा मागावर बसायचा, त्या कांड्या भरायच्या. चाळीस वर्षं त्या आवाजात झोपल्या. आता घरचा माग विकला. शेजारचा माग रात्री थांबला की त्यांना जाग येते.

हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. सीमेपलीकडं, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला : नवरा गेला म्हणून कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. महाराष्ट्र सरकारनं त्याच महिन्यात इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ते परिपत्रक इकडं लागू नाही.

इकडं वेगळाच पेच. विधवा वेतनाचा अर्ज कन्नडमध्ये, मृत्यूचा दाखलाही कन्नडमध्ये. मावशी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. कचेरीत तीन हेलपाटे झाले, तेव्हा गल्लीतल्या नववीतल्या पोरीनं दाखला वाचून दाखवला. नवऱ्याचं नाव चुकीचं पडलं होतं. सीमाप्रश्नावर भाषणं पुष्कळ झाली. आपल्याच माणसाच्या मरणाचा कागद वाचता येत नाही, यावर मी एकही ऐकलेलं नाही.

एक गोष्ट मात्र सोपी झाली. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे. आधार कार्ड दाखवायचं, शून्याचं तिकीट घ्यायचं आणि निपाणीला लेकीकडं जायचं. "तिथं रडून येते," मावशी म्हणतात, "मग आठ दिवस बरं जातं."

स्ट्रोब आणि शुट या युरोपातल्या दोन अभ्यासकांनी १९९९ साली जवळपास हेच मांडलं. माणूस एका सरळ रेषेत सावरत नाही. कधी आठवणीत बुडतो, कधी नव्या कामाला लागतो, पुन्हा बुडतो. हे जाणं-येणं चालू असणं बरं.

(दृश्य : विठ्ठल मंदिर, एकादशीचं भजन.)

आप्पा पहिला महिना नुसते खांबाला टेकून बसायचे. कुणी काही म्हटलं नाही. एका एकादशीला शेजारच्यानं न बोलता टाळ त्यांच्या हातात दिले. आता ते वाजवतात. मध्येच थांबून डोळे पुसतात, पुन्हा वाजवतात.

सगळ्यांना एवढ्यानं भागत नाही. महिन्यामागून महिने झोप नाही, अन्न जात नाही, जगून काय करायचं असं तोंडात येतं, तेव्हा डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे. नंबर त्यांना नुसता लिहून देऊ नका, शेजारी बसून लावून द्या.

(दृश्य : येळ्ळूर, संध्याकाळ.)

काकू कुंपणावरून हाक मारतात, "आप्पा, जेवलासा काय?"

"हो, जेवलो की."

काकू आत येतात आणि चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडून बघतात.