नाव वाचण्याचे काम

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रवास, युद्ध, वाचन आणि वियोग’ असा विषय छापला आहे. माझ्या मनात या चारही गोष्टी एकाच कामापाशी येऊन मिळतात, आणि ते काम म्हणजे गेलेल्या माणसाचे नाव मोठ्याने वाचणे. पाळक म्हणून उभे आयुष्य कबरींच्या कडेला मी ते केले. मृताचे पहिले देणे त्याच्या नावाचे असते आणि सांत्वनाची पाळी त्यानंतर येते, असे माझे ठाम मत आहे. युद्धाच्या इतिहासाने ते अधिकच पक्के केले.

निवृत्तीनंतर बेल्जियमला जाण्याचा योग आला, तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवरील ईप्र शहराजवळच्या पोपेरिंगे गावातले टॅल्बट हाऊस हे सैनिकांचे विश्रामगृह मी मुद्दाम पाहिले. डिसेंबर १९१५ मध्ये फिलिप क्लेटन नावाच्या लष्करी पाद्रीने आघाडीवरून परतणाऱ्या सैनिकांसाठी ते उघडले. त्याच वर्षी जुलैत गिल्बर्ट टॅल्बट हा तरुण लेफ्टनंट ईप्रजवळ मारला गेला होता. घराला नाव त्याचे दिले. शिपाई आणि कर्नल यांना तिथे एकच दार होते. एका अवघड, उभ्या जिन्याने माळ्यावर गेले की प्रार्थनालय लागते. तिथली वेदी म्हणजे सुताराचे काम करायचे लाकडी बाक आहे. नासरेथच्या सुताराची, म्हणजे येशूची, उपासना सुताराच्या बाकापाशी व्हावी, यापेक्षा योग्य वेदी मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही.

त्या घरात वाचनालयही होते, आणि त्याची रीत मला फार आवडते. अनामत म्हणून पैसे न घेता सैनिकाची टोपी ठेवून घेत आणि पुस्तक देत. टोपीशिवाय सैनिकाला बाहेर पडण्याची सोय नसे, त्यामुळे पुस्तके परत येत. (आपले ग्रंथपाल हसत आहेत, त्यांनी हा नियम इथे लागू केला, तर माझी टोपी सर्वांत आधी जमा होईल.) मात्र मी त्या खोलीत बराच वेळ उभा राहिलो तो वेगळ्याच कारणाने. दुसऱ्या दिवशी खंदकात परतायचे आहे हे ठाऊक असलेला मुलगा तिथे बसून पानामागून पान वाचत होता, आणि त्याला तेवढी उसंत मिळावी यासाठी एक पाद्री धडपडत होता. क्लेटनने सैनिकांना मृत्यूचा अर्थ समजावण्याआधी बसायला खुर्ची आणि हातात पुस्तक दिले. आम्हा धर्मोपदेशकांना अर्थ सांगण्याची फार घाई असते. शोकाच्या घरात पाऊल टाकताच ‘देवाची इच्छा’ हे शब्द तोंडावर येतात आणि समोर बसलेली आई त्यांच्या भाराखाली आणखी वाकते. ही घाई मी अनेक घरांत पाहिली आहे आणि तिची मला मनापासून चीड आहे.

आणखी एका लष्करी पाद्रीचे ऋण सांगितले पाहिजे. १९१६ मध्ये फ्रान्समधील आर्मेंतिएरजवळ डेव्हिड रेल्टन एक दफनविधी आटोपून मुक्कामावर परतले, तेव्हा घरामागच्या बागेत त्यांना एक कबर दिसली. क्रुसावर पेन्सिलीने लिहिले होते, की हा एक अज्ञात ब्रिटिश सैनिक आहे; पलटणीखेरीज नाव नव्हते. ती कबर त्यांच्या मनातून गेली नाही. १९२० मध्ये त्यांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चच्या डीनना, म्हणजे तिथल्या प्रमुख धर्मगुरूंना, पत्र लिहिले, आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला एका अनोळखी सैनिकाचे त्या चर्चमध्ये राजेरजवाड्यांच्या शेजारी दफन झाले. मुलाचा देह न मिळालेल्या प्रत्येक आईला ‘तो माझाच असेल’ असे म्हणता आले.

१९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याच्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळण्यासाठी इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन स्थापन झाले होते. हुद्दा कोणताही असो, कबरीवरचा दगड सर्वांना सारखा, आणि ज्याची कबर सापडली नाही त्याचे नाव स्मारकावर, हे त्याचे मूळ तत्त्व होते. ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर अशी ५४,००० हून अधिक नावे आहेत. कमिशनच्या मोठ्या दफनभूमींत असलेल्या स्मरणशिलेवरचे वचन इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग यांनी निवडले. त्यांचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत बेपत्ता झाला आणि १९३६ मध्ये ते वारले तोवर त्यांना त्याची कबर मिळाली नाही. ‘त्यांचे नाव सर्वकाळ जिवंत राहते’ या आशयाचे ते वचन सिराखच्या बोधग्रंथातील ४४ व्या अध्यायात आहे. आम्हा प्रोटेस्टंटांच्या बायबलात हा ग्रंथ नसल्यामुळे मी तो निवृत्तीनंतरच सावकाश वाचला. त्याच अध्यायात, पाचच ओळी आधी, ज्यांची काहीच आठवण उरली नाही आणि जे जणू जन्मलेच नव्हते असे नाहीसे झाले, त्यांचाही उल्लेख आहे. ती ओळ कोणी दगडावर कोरली नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. मुख्य मुद्दा तर अजून राहिलाच आहे, तेव्हा तो थोडक्यात सांगतो.

ती न कोरलेली ओळ आपल्या माणसांच्या वाट्याला आली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ब्रिटिश भारतीय सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांशी लढली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिच्यात होत्या. तिथल्या कुत शहराला पडलेल्या वेढ्यात उपासमार सोसून २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याला शरण जावे लागले, आणि पुढे कैदेत असंख्य माणसे मेली. मेसोपोटेमियात कबर न सापडलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव आहे. भारतीय अधिकाऱ्याचेही नाव आहे. भारतीय शिपायांच्या मात्र पलटणीचे नाव आणि पुढे संख्या एवढेच आहे. फ्रान्समधील नव्ह शापेल येथे ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत, म्हणजे कोरणे अशक्य होते असे कोणी म्हणू नये. कमिशनच्याच समितीने २०२१ मध्ये हा भेदभाव मान्य केला आणि कमिशनने माफी मागितली. माफी योग्यच झाली, पण माफीत नावे नसतात.

माझी पत्नी गेली तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी मला माझीच जुनी प्रवचने ऐकवली. मग चर्चचे वृद्ध सेवक दफनाची नोंदवही घेऊन आले, चष्मा पुसून समोर बसले आणि त्यांनी तिचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख विचारली. वयाचा रकाना भरताना त्यांनी बेरीज दोनदा तपासली. त्या आठवड्यात मला पहिला दिलासा मिळाला तो त्या प्रश्नांनी.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. दगडावर न कोरलेली ती नावे कमिशनने नोंदवहीत लिहिली होती आणि आज त्याच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतात. येत्या नोव्हेंबरच्या स्मरणदिनाच्या उपासनेत मराठा पलटणींतील काही नावे मोठ्याने वाचायचे मी ठरवले आहे. हिंदू असोत वा मुसलमान, प्रत्येकाचे नाव पूर्ण वाचले जाईल. शोधायला तरुण डोळे हवेत. ज्यांना या कामात यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर दाराशी मला भेटावे.