पडद्यामागून आलेला ल्यांग शानबो

हाँगकाँग, 1962. शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग चाललंय. माइकसमोर विशीतली एक मुलगी गातेय. गाणं नायकाचं आहे. पडद्यावर ओठ दुसरीच कुणी हलवणार. चिनी संगीत चित्रपटांत नायकाची भूमिकाही अनेकदा बाईच करायची.

या गाणाऱ्या मुलीचं नाव आयव्ही लिंग पो. जन्म 1939चा, दक्षिण चीनमधल्या शांतौचा. अगदी लहानपणी तिला श्यामेनच्या एका कुटुंबात विकलं गेलं. पुढे हाँगकाँगमध्ये अमॉय (श्यामेनकडच्या) बोलीतल्या कमी खर्चाच्या चित्रपटांतून ती वर्षानुवर्षं राबली, वेगळ्याच नावानं.

शॉ ब्रदर्सकडे तेव्हा ह्वांगमेई गायकीची लाट होती. ही गायकी मूळची चहाच्या मळ्यांतल्या लोकगीतांची. तिचे सूर चटकन ओठांवर बसणारे. दिग्दर्शक ली हान-श्यांग यांनी आयव्हीचा आवाज ऐकला आणि तिला नव्या चित्रपटात थेट नायक, ल्यांग शानबो, करायचं ठरवलं. प्रतिस्पर्धी कंपनीही ल्यांग शानबो आणि चू यिंगताई या प्रेमिकांचीच लोककथा चित्रित करत होती, त्यामुळे सगळी घाई.

चू यिंगताई मुलाच्या वेशात शिकायला आलेली, ल्यांग तिचा सहाध्यायी. निरोपाच्या वाटेवर ती नदीतल्या हंसांची जोडी दाखवते, 'आपण असे' हे सुचवू पाहते. ल्यांगला काही उमगत नाही. ती त्याला खुळा हंस म्हणते, तेव्हा तो रुसतो. आयव्हीचा तो रुसवा बघावा! भाबडेपणा डोळ्यांत, आणि आवाजात तक्रारीचा बारीकसा कंप. हा आवाज तिचा स्वतःचा. समोरच्या नायिकेला, बेटी लो टी हिला, मात्र गायिका त्सिन टिंगचा आवाज होता. कालपर्यंत दुसऱ्याच्या ओठांसाठी गाणारी आयव्ही आता स्वतःच्या तोंडानं गात होती. मला या चित्रपटातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

1963मध्ये चित्रपट तैवानची राजधानी तैपेईत लागला. एकट्या त्या शहरात सात लाखांवर तिकिटं खपली. कुणी शंभरदा पाहिला. ऑक्टोबरअखेर आयव्ही स्वतः आली, तेव्हा रस्ते माणसांनी तुंबले. हाँगकाँगच्या वर्तमानपत्रांनी तैपेईला 'वेड्यांचं शहर' म्हटलं.

त्या वर्षीच्या गोल्डन हॉर्स या तैवानच्या चित्रपट पुरस्कारांत पेच पडला. पुरुषाची भूमिका करणाऱ्या बाईला अभिनेता म्हणायचं की अभिनेत्री? सर्वोत्तम अभिनेत्री बेटी लो टी ठरली. आयव्हीसाठी खास वेगळा पुरस्कार ठेवला गेला.

पुढे ती पडद्यावर लोककथेतली स्त्री-योद्धा ह्वा मुलान झाली, लग्न केलं, कॅनडात स्थायिक झाली. आणि सुमारे चाळीस वर्षांनी, साठी उलटल्यावर, तैपेईच्या रंगमंचावर पुन्हा ल्यांग शानबोचा वेश चढवून उभी राहिली.