यजमानाचं रिकामं पान

मंडळी, मागच्या खेपेला तुमच्या घरी दहा-बारा माणसं जेवायला होती, तेव्हा स्वयंपाक करणारं माणूस पानावर कधी बसलं? हसलात, म्हणजे उत्तर ठाऊक आहे. सगळ्यांचं होत आलं तेव्हा. तोवर ते आत-बाहेर करत होतं आणि गप्पांतला निम्मा विनोद त्याला दाराआडूनच ऐकू आला. माणसांना बोलावलं भेटायला आणि भेट झाली शेगडीची. याला आपण आतिथ्य म्हणतो. मला विचाराल तर बेत चुकलेला असतो.

बेत ठरवताना आपण पदार्थांची नावं लिहितो. माझं म्हणणं, आधी घड्याळ लिहा. पाहुणे आल्यानंतर जे विस्तवावर उभं राहूनच करावं लागतं, असा पदार्थ फार तर एक ठेवावा. बाकीचं सकाळी किंवा आदल्या दिवशी होऊ द्या. रस्सा आणि उसळीसारखे पदार्थ मुरल्यावर बिघडत नाहीत, उलट सुधारतात, कारण मीठ-मसाला आतपर्यंत जायला वेळ मिळतो. तळणीचा मोह मात्र टाळा. तळणारा माणूस त्या संध्याकाळी जेवणाऱ्यांत नसतोच.

दुसरी फसगत गुणाकाराची. चौघांचं प्रमाण तिनानं गुणलं की बाराजणांचं होतं, असं वाटतं. मीही गुणलं होतं. तांदूळ तिप्पट, पाणी तिप्पट आणि भाताची झाली पेज. पाहुणे सज्जन होते, ‘मऊ झालाय छान’ म्हणाले. नंतर लक्षात आलं की भाताच्या पाण्याचे हिशोब दोन असतात. तांदूळ पितो ते पाणी तांदळाबरोबर वाढतं. वाफ होऊन जातं ते भांड्याचं तोंड, झाकण आणि शिजण्याचा वेळ यांवर ठरतं, ते तिप्पट होत नाही.

कांद्याचं याहून वाईट. दीड किलो कांदा एका कढईत कोंबला की तो परतला जात नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडतो. पाणी आहे तोवर कढईतलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही आणि खमंग रंग आणणारी रासायनिक क्रिया खरा जोर धरते ती १४० अंशांच्या आसपास. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ती पहिल्यांदा मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव आहे. तेव्हा कांदा दोन-तीन घाण्यांत परता किंवा आदल्या रात्री परतून ठेवा. घाईच्या वेळी आच वाढवून काही साधत नाही. कडा करपतात, मधला कच्चा राहतो.

आणि चव! दोन तास फोडणीच्या वासात उभं राहिलं की नाक सरावतं. मग रांधणाऱ्याला सगळंच फिकं लागतं, तो आणखी मीठ, आणखी मसाला घालतो आणि बाहेरून आलेल्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. शेवटची चव घेण्यापूर्वी दहा मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन या. नाहीतर ज्यानं काही रांधलेलं नाही, त्याच्या हातात चमचा द्या. ‘मी काही करू का?’ असं विचारत ओट्याशी घुटमळणारा एक पाहुणा प्रत्येक वेळी असतोच. त्याला नको म्हणू नका. पाणी भरू द्या, पानं घेऊ द्या. हाताला काम मिळालं की परकेपणा लवकर जातो. फक्त नाजूक काचसामान त्याच्यापासून लांब ठेवा, हे अनुभवानं सांगतो.

बोलावतानाच एक विचारून घ्या: कुणाला शेंगदाणे, दूध, गहू असं काही चालत नाही का? पान वाढल्यावर विचारलं, तर तो बिचारा भिडेखातर गप्प बसतो आणि कोरडी पोळी चघळतो. पोळीही गव्हाचीच, म्हणजे कधी कधी तीही नाही.

जेवणं झाली की गप्पा रंगतात, रंगू द्या. भांडी उद्या घासली तरी चालतील. भाताचं तसं नाही. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात आणि भात कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. त्यासाठी मात्र यजमानानं एकदा उठावं. किंवा त्या घुटमळणाऱ्या पाहुण्यालाच सांगावं.