ठाय लयीतला पेराग्वे

मंडळी, घरी गेल्यावर एक करून बघा. दादऱ्यातलं एखादं उडतं गाणं घ्या आणि ठाय, म्हणजे संथ लयीत म्हणा. सूर तेच, सहा मात्राही त्याच. पण पाय थांबतात आणि कान लागतात. १९२५ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतल्या पेराग्वेत विशीतल्या एका बँडवाल्यानं हेच केलं. त्यातून ‘ग्वारानिया’ निघाली. त्या देशाचं म्हणून आज जे संगीत ओळखलं जातं, त्यातलं हे एक.

होसे असुन्सिओन फ्लोरेस त्याचं नाव. जन्म १९०४ चा, राजधानी असुन्सिओनमधल्या चाकारिता या नदीकाठच्या गरीब वस्तीतला. आई लोकांचे कपडे धुवायची. बाप गिटार वाजवायचा, पण त्यानं पोराला आपलं म्हटलं नाही; फ्लोरेस हे आईचं आडनाव. लहानपणी खाण्याच्या चोरीत पोरगा पकडला गेला आणि पोलिसांनी त्याला आपल्या बँडमध्ये घातलं. तिथं तो वाद्यं शिकला, स्वरलेखन शिकला. शिक्षा म्हणावी तर अशी!

तिथली लोकप्रिय चाल म्हणजे पोल्का. नाव युरोपचं, पण वळण अस्सल तिथलं: त्याच सहा मात्रा गाणं तीन-तीनच्या दोन गटांत धरतं, तर खालची साथ दोन-दोनच्या तीन गटांत. हे भांडण जलद लयीत ऐकूच येत नाही, नुसती धावपळ जाणवते. ‘माएरापा रेइकुआसे’, म्हणजे ‘कशाला हवंय तुला कळायला’, ही जुनी चाल फ्लोरेसनं बँडकडून संथ वाजवून घेतली, आणि सूर ठेक्याच्या मागेपुढे रेंगाळताना स्पष्ट दिसू लागला. मग ‘जेजुई’ ही त्याची स्वतःची रचना आली. नुसती लय उतरवली, यात कसली निर्मिती, असं कुणी म्हणेल. विलंबित ख्याल ऐकलेल्यानं तरी म्हणू नये.

या सुरांना शब्द दिले मानुएल ओर्तिस गेरेरो या कवीनं. त्याला कुष्ठरोग होता. १९३३ मध्ये तो गेला. दोघांचं सर्वांत गाजलेलं गाणं ‘इंडिया’. दचकू नका, आपला इथे काही संबंध नाही. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ तिथली आदिवासी स्त्री.

१९४४ मध्ये सरकारनं ‘इंडिया’ला राष्ट्रीय गीत ठरवलं. पाचच वर्षांनी निदर्शनात एक विद्यार्थी मारला गेला, तेव्हा फ्लोरेसनं निषेध म्हणून सरकारचा सन्मान नाकारला. तो कम्युनिस्ट होता आणि ते लपवतही नव्हता. झालं, तो देशद्रोही ठरला. पुढं स्ट्रोसनरची हुकूमशाही आली, ती १९८९ पर्यंत टिकली. गाणं राष्ट्राचं आणि गाणं करणारा हद्दीबाहेर, असा कारभार! ब्युनोस आयर्समध्ये राहून त्यानं वाद्यवृंदासाठी मोठ्या रचना केल्या. त्यातल्या काहींचं ध्वनिमुद्रण थेट मॉस्कोत झालं. १९७२ मध्ये तो परमुलखातच गेला. अवशेष मायदेशी आले १९९१ मध्ये. २७ ऑगस्ट, त्याचा वाढदिवस, आता तिथं ग्वारानिया दिन असतो, आणि २०२४ मध्ये युनेस्कोनंही या संगीताला आपल्या वारसा यादीत घेतलं.

बोलणं पुरे, आता ऐकू या. चाल फ्लोरेसची, शब्द ओर्तिस गेरेरोचे, ग्वारानी भाषेतले: ‘न्दे रेंदापे आजू’. म्हणजे, ‘तुझ्यापाशी आलोय’.