गोवरातून उठलेलं मूल

श्रोतेहो, नमस्कार. ‘अ’ जीवनसत्त्व म्हटलं की आपल्याला डोळे आठवतात. आज मात्र मला खोकला, जुलाब आणि गोवराबद्दल बोलायचंय.

इंडोनेशियात डॉ. आल्फ्रेड सोमर मुलांचे डोळे तपासत होते. 1983 साली त्यांनी जे मांडलं ते सुन्न करणारं होतं. ज्या मुलांना नुसतं रातांधळेपण होतं किंवा बुबुळाशेजारी फेसासारखे ठिपके होते, ती इतर मुलांच्या सरासरी चौपट प्रमाणात दगावत होती. मग सुमात्रा बेटावरची 450 गावं निवडली. त्यातल्या सुमारे निम्म्या गावांत मुलांना सहा महिन्यांच्या अंतराने या जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिला. तिथले बालमृत्यू 34 टक्क्यांनी कमी झाले!

श्वासनलिकेला आणि आतड्याला आतून ओलसर अस्तर असतं. त्यातला चिकट स्राव जंतूंना धरून ठेवतो. ‘अ’ कमी पडलं की हे अस्तर कोरडं, खरखरीत होतं आणि जंतूंना वाट मिळते. आतड्याच्या रक्षणाला जाणाऱ्या पेशींनाही हेच जीवनसत्त्व लागतं.

गोवर तर यकृतातला साठाच ओरबाडतो. पुरळ मावळतं, आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि नेमका तेव्हा न्यूमोनिया किंवा जुलाब गाठतात. म्हणून गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर लागोपाठ दोन दिवस ‘अ’चा डोस देतात. आजीबायांनो, तुमची माया मला ठाऊक आहे, पण गोवर आला की घरात फोडणी बंद, मासे बंद आणि मुलाला नुसती पेज, हे आता थांबवा. पेज द्याच, पण तिच्यात तूप घाला, सोबत शिजवलेला तांबडा भोपळा द्या, अंडं द्या.

किनाऱ्यावर आपल्याला कमी काय आहे? अळू आहे, पहिल्या पावसाचा टाकळा आहे, पपई आहे, पिकला आंबा आहे. गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी आपण करतोच. ती एरवीही लहानग्यांच्या ताटात पडू दे. वर ओलं खोबरं हवंच, कारण स्निग्ध पदार्थाशिवाय हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही.

तरीही डोस चुकवू नका. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला लशीबरोबर 1 लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास 2 लाख, आणि मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तेवढाच. एकूण 9 डोस. उपकेंद्रात, अंगणवाडीत ते मोफत मिळतात. जास्तीचा डोस मात्र विषासारखा बाधतो, तेव्हा दुकानातून आपल्या मनाने आणून पाजू नका. आणि मुंबईहून गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनो, मुलाचं लसीकरण कार्ड सामानात आठवणीने घ्या. मुंबईतला डोस राहिला असेल तर आशाताई ते कार्ड बघून गावातच देण्याची व्यवस्था करतील.